एकतर्फी घटस्फोट आणि समन्सची बजावणी : हुकूमनामा नेमका कुठे ढासळतो?

खडीसाखर
पोटगीच्या धाग्यावर विषय भरकटला म्हणून हा वेगळा काढते. तिथे दोन विधानं पुन्हा पुन्हा आली. एक, 'नोटीस घेतलीच नाही तर केस पुढे सरकत नाही.' दुसरं, 'समोरचा आला नाही की घटस्फोट मिळालाच समजा.' माझ्या मते दोन्ही चूक आहेत, आणि दोन्हींवर विसंबून लोक स्वतःचं नुकसान करून घेतात.

एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे समोरचा गैरहजर असताना दिलेला निकाल, हा पुरता हुकूमनामाच असतो. पण त्याचा सगळा डोलारा बजावणीच्या अहवालावर उभा असतो. अहवाल कच्चा निघाला की चार वर्षांनीसुद्धा प्रकरण पहिल्या तारखेवर येऊन बसतं. मधल्या काळात कुणी दुसरं लग्न केलेलं असलं तर विचारायलाच नको.

जाणकारांनी लिहावं : बजावणीचे टप्पे कोणते, त्यात कुठे घोळ होतो, आणि ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा झाला त्याला किती दिवसांत काय करता येतं. चर्चा हिंदू विवाह कायदा आणि महाराष्ट्रातली न्यायालयं यापुरती ठेवू. परदेशातल्या हुकूमनाम्यांबद्दल लिहिलंत तरी चालेल, ते प्रश्नही येतातच. स्वतःच्या केसची नावं, पत्ते, केस नंबर इथे टाकू नका.

नाझरखाना
चांगला विषय. टप्प्यांचं मी लिहितो.

हिंदू विवाह कायद्याचं कलम २१ आणि कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम १०, या दोन्हींमुळे दिवाणी प्रक्रिया संहिता लागू होते. बजावणीचं सगळं ऑर्डर ५ मध्ये आहे आणि गैरहजेरीचं ऑर्डर ९ मध्ये.

पहिली गोष्ट, समन्ससोबत अर्जाची प्रत गेलीच पाहिजे (रूल २). नुसता तारखेचा कागद गेला तर ती अपुरी बजावणी. अर्जदाराने प्रोसेस फी भरायची, प्रती द्यायच्या, पोस्टाने पाठवायचं असेल तर तो खर्चही द्यायचा. हे न केल्याने समन्स निघालंच नाही तर ऑर्डर ९ रूल २ खाली अर्ज निकाली निघू शकतो. समन्स बजावणी न होता परत आलं आणि सात दिवसांत नवीन समन्स मागितलं नाही, तर ऑर्डर ९ रूल ५ आडवा येतो.

मग मार्ग असे. बेलिफमार्फत (समन्स बजावणारा न्यायालयाचा कर्मचारी) हातात देणं, पोचपावतीसह टपाल, मान्यताप्राप्त कुरिअर, ईमेल. रूल ९-अ खाली न्यायालयाच्या परवानगीने अर्जदार स्वतःही समन्स बजावू शकतो, त्याला आपल्याकडे हमदस्त म्हणतात. शक्य असेल तिथे समन्स व्यक्तीच्या हातातच द्यायचं, हा मूळ नियम.

व्यक्ती घरी नसेल, लवकर भेटण्याची शक्यता नसेल आणि तिच्या वतीने घेणारा कुणी मुखत्यार नसेल, तर तिच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान माणसाला देता येतं, स्त्री असो वा पुरुष (रूल १५). नोकर म्हणजे कुटुंबातला माणूस नव्हे, हे कायद्याच्या स्पष्टीकरणातच लिहिलंय.

नकार दिला, किंवा पुरेसा शोध घेऊनही सापडली नाही, तर दर्शनी दारावर चिकटवायचं (रूल १७). खरा घोळ इथे होतो, त्यावर पुढे लिहितो. जेवायला हाक आली.

गुळपोळी
नाझर काका जेवायला गेले, तोवर धागा एकतर्फी चालवा :-)

शुष्ककाष्ठ
सगळं ठीक आहे, पण प्रत्यक्षात नोटीस न घेणाऱ्याचं काहीही बिघडत नाही. बेलिफ तीनदा येतो, तीनदा परत जातो. वर्ष निघून जातं. तोवर समोरचा थकून तडजोडीला येतो. कायदा पुस्तकात छान दिसतो.

ताम्हण
शुष्ककाष्ठ, हे अर्धसत्य आहे. उशीर होतो, मान्य. पण पोस्टाच्या लिफाफ्यावर पोस्टमनने 'रिफ्यूज्ड' लिहिलं की ऑर्डर ५ रूल ९(५) प्रमाणे न्यायालयाने 'योग्य बजावणी झाली' असं जाहीर करायचंच असतं. तिथे 'करू शकते' असा शब्द नाही. बरोबर पत्त्यावर, पुरेसं तिकीट लावून पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं असेल आणि पोचपावती गहाळ झाली किंवा समन्स काढल्यापासून तीस दिवसांत परतच आली नाही, तरीही तेच. वर साधारण खंड अधिनियमाचं कलम २७ आहे, बरोबर पत्त्यावरचं टपाल पोचलं असं गृहीत धरणारं.

सर्वोच्च न्यायालयाचा परिमल विरुद्ध वीणा (२०११) हा निकाल तर याच विषयावरचा आहे. पत्नीने टपाल नाकारलं, वर्तमानपत्रात जाहीर समन्स आलं, एकतर्फी घटस्फोट झाला. चार वर्षांनी तिने हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज केला. दिल्ली उच्च न्यायालयाने तो मंजूर केला, पण सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवून घटस्फोट कायम ठेवला. पतीचं तोवर दुसरं लग्न होऊन मुलंही झाली होती. 'मी घेतलीच नव्हती' हा बचाव तिथे चालला नाही.

म्हणजे घेतली नाही तर फायदा एवढाच, की आपली बाजू न मांडता निकाल लागतो.

शुष्ककाष्ठ
बरं. पण 'रिफ्यूज्ड' सोडून इतर शेरे येतात त्यांचं काय? अर्धी पाकिटं 'डोअर लॉक' म्हणून परत येतात.

ताम्हण
शेऱ्याशेऱ्यात फरक आहे, आणि बरेच नवखे वकीलही इथे गफलत करतात.

'रिफ्यूज्ड' ही बजावणी. 'इंटिमेशन दिलं, घेतलं नाही' किंवा 'अनक्लेम्ड' हे पत्ता खरा असेल तर बहुतेक वेळा बजावणी धरली जाते, कारण चिठ्ठी ठेवूनही माणूस पोस्टात गेला नाही. नुसतं 'डोअर लॉक' हा कच्चा शेरा, न्यायालय पुन्हा पाठवायला सांगतं. 'लेफ्ट', 'पत्त्यावर राहत नाही', 'नॉट नोन' ही बजावणी नव्हेच. उलट अर्जदाराने पत्ता चुकीचा दिल्याचा तो पुरावा ठरतो. असं पाकीट फाइलमध्ये असताना 'बजावणी झाली' म्हणून पुढे जाणं म्हणजे पुढच्या रद्दीकरणाच्या अर्जाला स्वतःच मुद्दा पुरवणं.

तळटीप
जोड देतो. २०२५ मध्ये डाक विभागाने रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. रूल ९ मध्ये स्पीड पोस्ट आधीपासून आहेच, त्यामुळे बजावणीला अडचण नाही. मात्र पाठवताना फक्त घेणाऱ्याच्याच हाती देण्याची नोंदणी आणि पोचीचा पुरावा या दोन्ही जोडसेवा मागून घ्या. साधं स्पीड पोस्ट वॉचमनच्या हाती जातं आणि ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड' दिसतं. त्या ट्रॅकिंगच्या छापील पानाच्या जोरावर घटस्फोट मागणारे महाभाग असतात.

नाझरखाना
आलो. आता रूल १७.

सापडणारा अहवाल बहुधा असा असतो : 'दिलेल्या पत्त्यावर गेलो असता दार बंद होते. सबब समन्स दारास चिकटवून परत.' खाली सही, तारीख. झालं. हा अहवाल रद्द ठरवायला वकीलही लागत नाही.

अहवालात काय हवं? किती वाजता गेला, घर कुणी दाखवलं त्या माणसाचं नाव आणि पत्ता, कुणासमोर चिकटवलं त्यांची नावं, नेमकं कुठे चिकटवलं, समन्ससोबत अर्जाची प्रतही चिकटवली का, शेजाऱ्यांनी काय सांगितलं. 'बाहेरगावी गेलेत, रविवारी येतील' असं शेजारी सांगत असेल तर चिकटवण्याची पायरी अजून आलेलीच नाही, रविवारनंतर परत जायला हवं. सापडण्याची वाजवी शक्यता उरलेली नसणं ही रूल १७ ची अट आहे.

पुढची पायरी तर सगळेच विसरतात. चिकटवून आलेल्या समन्सचा अहवाल शपथेवर नसेल तर न्यायालयाने बेलिफची शपथेवर चौकशी करायची, आणि मग 'योग्य बजावणी झाली' असं जाहीर करायचं किंवा दुसऱ्या प्रकारे बजावणीचा हुकूम द्यायचा. हे रूल १९. रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या तारीखवार नोंदीत, हे जाहीर केल्याची ओळ नसेल तर तो फार मोठा खड्डा आहे. सर्वोच्च न्यायालयाने नीरजा रिअलटर्स विरुद्ध जंगलू (२०१८) मध्ये याच कारणावर बोट ठेवलं. तो घटस्फोटाचा नाही, नागपूरकडचा दिवाणी दावा होता, पण बजावणीचा नियम तोच.

हवालदिल
आता बेलिफकडे मोबाइल अॅप असतं ना? फोटो, लोकेशन सगळं येतं म्हणतात.

नाझरखाना
एनस्टेप. हो, त्यात बजावणीची जागा आणि वेळ नोंदते, फोटो टाकता येतो. त्यामुळे चहाच्या टपरीवर बसून लिहिलेले अहवाल पकडणं सोपं झालं. पण अॅपमधला फोटो साक्षीदारांच्या नावांची जागा घेत नाही. दाराचा फोटो आहे, पण दार कुणाचं हे कोण सांगणार?

गुळपोळी
दारावर 'सुस्वागतम' लिहिलेलं असतं तेव्हा तर फार बिकट.

बोरकरांचा_नातू
पत्त्याबद्दल कुणीच बोललं नाही अजून. नव्वद टक्के भानगडी तिथे असतात (आकडा माझा, हवेतला).

नेहमीचा डाव असा : पत्नी माहेरी राहते हे नवऱ्याला पक्कं ठाऊक. तरी अर्जात पत्ता देतो सासरचा, म्हणजे स्वतःचाच. बेलिफ येतो, सासूबाई 'सून बाहेर गेलीय' म्हणून सही करून घेतात. कागदावर रूल १५ ची बजावणी एकदम चकाचक. प्रत्यक्षात सासू त्या सुनेबरोबर राहतच नाही, आणि ती अर्जदाराची आई आहे. ही बजावणी तर नव्हेच, न्यायालयाची फसवणूक ठरू शकते. उलटंही होतं, नवरा नोकरीला बंगळुरूला, पत्नी पत्ता देते त्याच्या गावच्या बंद घराचा.

ताम्हण
अगदी. आणि हे उघडकीस कशाने येतं माहीत आहे? त्याच अर्जदाराने दुसऱ्या केसमध्ये, म्हणजे घरगुती हिंसाचाराच्या अर्जात किंवा पोटगीच्या उत्तरात, खरा पत्ता दिलेला असतो. दोन कागद शेजारी ठेवले की वादच उरत नाही. त्यामुळे अर्जदाराने अर्जातच माहीत असलेले सगळे पत्ते द्यावेत : माहेर, सासर, नोकरीचं ठिकाण, मोबाइल, ईमेल. चार ठिकाणी समन्स गेलं आणि तिथून परत आलं, तर पुढची जाहीर नोटीस भक्कम होते.

खडीसाखर
जाहीर नोटिशीवर जरा विस्ताराने लिहा कुणीतरी. लोकांना वाटतं पेपरात दिलं की काम झालं.

तळटीप
मी लिहितो.

ऑर्डर ५ रूल २०. माणूस बजावणी टाळण्यासाठी तोंड लपवतोय, किंवा इतर कारणाने नेहमीच्या मार्गाने बजावणी होत नाही, याची न्यायालयाची खात्री पटली पाहिजे. 'खात्री' म्हणजे शपथपत्र आणि आधीचे परत आलेले अहवाल. पहिलं समन्स परत आलं की दुसऱ्याच तारखेला 'जाहीर नोटिशीची परवानगी मिळावी' असा छापील अर्ज टाकणं चूक. यल्लव्वा विरुद्ध शांतव्वा (१९९७) या घटस्फोटाच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की हा शेवटचा उपाय आहे. त्यात पती एकतर्फी हुकूमनामा मिळवून वारला होता, तरी पत्नीला तो रद्द करून मागता येतो, असंही ठरलं. प्रतिवादी कोण, तर सासू.

वर्तमानपत्र कुठलं? ती व्यक्ती शेवटची जिथे खरोखर राहत होती किंवा काम करत होती, त्या भागात खपणारं दैनिक. अर्जदाराच्या गावचं नव्हे. पती सुरतला नोकरी करत होता आणि जाहिरात सांगलीच्या पुरवणीत आली, तर तिचा उपयोग अर्जदाराला रद्दी विकण्यापुरता.

जाहिरातीत न्यायालयाचं नाव, केस नंबर, दोघांची पूर्ण नावं, शेवटचा पत्ता, विषय, तारीख आणि वेळ. छापून आल्यापासून हजर राहायला पुरेसे दिवस मिळाले पाहिजेत. परवा तारीख आणि आज जाहिरात, हे चालत नाही. फाइलला कात्रण नको, अख्खं पान आणि शपथपत्र लावा. जाहिरात देण्याऐवजी न्यायालयाच्या फलकावर आणि शेवटच्या राहत्या घरावर चिकटवण्याचा हुकूमही होतो, कधी दोन्ही.

शुष्ककाष्ठ
म्हणजे हे सगळं नीट केलं की हुकूमनामा पक्का. मग मुद्दा संपला ना?

तळटीप
नाही संपला. मुदत कायद्यातला अनुच्छेद १२३ बघा. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याच्या अर्जाला तीस दिवस, हुकूमनाम्याच्या तारखेपासून. पण समन्सची योग्य बजावणी झाली नसेल तर हुकूमनामा *कळल्यापासून* तीस दिवस. आणि त्याच अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय, की रूल २० खालची बजावणी या कामापुरती 'योग्य बजावणी' धरायची नाही.

मजा अशी, की रूल २०(२) म्हणतो जाहीर नोटीस ही प्रत्यक्ष बजावणीइतकीच परिणामकारक. खटला पुढे नेण्यापुरतं ते खरं. मुदतीपुरतं नाही. म्हणून पेपरात जाहिरात देऊन मिळवलेल्या हुकूमनाम्याला तीस दिवसांचं घड्याळ समोरच्याला कळेपर्यंत सुरूच होत नाही. जाहीर नोटिशीचा खर्च करण्यापेक्षा खरा पत्ता शोधण्याचा खर्च करा, एवढंच सुचवेन.

बोरकरांचा_नातू
हे स्पष्टीकरण सोन्याच्या अक्षरात लिहून बार रूममध्ये लावायला हवं.

हवालदिल
व्हॉट्सअॅपवर पाठवलं आणि निळ्या टिका आल्या तर? दोन निळ्या म्हणजे वाचलंच की.

ताम्हण
मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका वसुलीत व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस मान्य केली होती, पीडीएफ उघडल्याच्या निळ्या खुणा बघून. तिथे माणूस टाळत होता हे आधी दिसलेलं होतं. कोविडच्या काळात जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ईमेल आणि मेसेजिंग अॅपने बजावणीला मोकळीक दिली. मुंबई उच्च न्यायालयाचे ईमेलने बजावणीचे २०१७ चे स्वतंत्र नियमही आहेत.

पण घटस्फोटात फक्त व्हॉट्सअॅपवर हुकूमनामा उभा करू नका. आधी न्यायालयाची परवानगी घ्या, मग पाठवा. नंबर त्याच व्यक्तीचा आणि चालू आहे हे शपथपत्रावर सांगा. स्क्रीनशॉटसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडा. आणि बेलिफ व टपाल हे मार्ग सोडू नका. निळी टीक बंद करता येते हे दहावीतल्या पोरालाही ठाऊक आहे.

गुळपोळी
दहावीतल्या पोराला आईची टीकाही बंद करता येते. विषयांतर झालं, चालू द्या.

मेंढपाळ
सैन्यातल्या माणसाला?

नाझरखाना
त्याच्या कमांडिंग ऑफिसरमार्फत, ऑर्डर ५ रूल २८. सोबत प्रतिवादीने ठेवून घ्यायची एक प्रत. घरच्या पत्त्यावर चिकटवून भागत नाही. युद्धजन्य किंवा विशेष परिस्थितीत नेमणूक असेल तर १९२५ च्या सैनिक दावेविषयक कायद्याखाली कामकाज थांबवून मागता येतं. सरकारी नोकर किंवा रेल्वे कर्मचारी असेल तर कार्यालयप्रमुखामार्फत बजावता येतं, रूल २७. तुरुंगात असेल तर तुरुंगाधिकाऱ्यामार्फत, रूल २४. आणि जोडीदार मनोरुग्ण असल्याचं कारण देऊन अर्ज असेल, तर पालक नेमल्याशिवाय केवळ त्याच्या नावाने समन्स बजावून एकतर्फी जाणं धोक्याचं. ऑर्डर ३२ बघा. ज्याला स्वतःची बाजू कळत नाही असं तुम्ही स्वतःच म्हणताय, त्याच्याच हाती नोटीस दिली, हा युक्तिवाद कसा उभा राहणार?

एडिसनकर
परदेशाबद्दल. न्यू जर्सीत तक्रार बजावल्यापासून उत्तराला ३५ दिवस. उत्तर नाही आलं की डिफॉल्ट, म्हणजे समोरच्याने उत्तर दिलं नाही, अशी नोंद करतात. पण मालमत्ता वाटणी, पोटगी, मुलांचा ताबा असं काही मागितलं असेल तर प्रस्तावित अंतिम निकालाची नोटीस सुनावणीच्या किमान २० दिवस आधी समोरच्याला पाठवावी लागते, डिफॉल्ट झालेला असला तरी. शिवाय समोरचा सैन्यात नाही असं शपथपत्र लागतं, हे अख्ख्या अमेरिकेत.

भारतात असलेल्या जोडीदाराला बजावायचं तर खरी अडचण. भारत हेग बजावणी कराराचा (परदेशात न्यायालयीन कागद बजावण्याचा आंतरराष्ट्रीय करार) सदस्य आहे, करार आपल्याकडे १ ऑगस्ट २००७ पासून लागू. मध्यवर्ती प्राधिकरण म्हणजे विधी व न्याय मंत्रालय. आणि टपालाने थेट पाठवण्याच्या मार्गाला, कराराच्या अनुच्छेद १० ला, भारताने आक्षेप नोंदवलाय. त्यामुळे कुरिअरने पुण्याला पाकीट पाठवून 'सर्व्ह केलं' म्हणणं करारात बसत नाही. बजावणीच्या विनंतीचा यूएसएम-९४ हा फॉर्म दोन प्रतींत भरून दिल्लीला पाठवा आणि महिनोन्महिने वाट बघा.

शुष्ककाष्ठ
आणि एवढं करून मिळालेला अमेरिकन हुकूमनामा भारतात चालतो?

ताम्हण
नुसती बजावणी बरोबर असणं पुरेसं नाही. वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी (१९९१) : पतीने मिसुरीतल्या न्यायालयातून घटस्फोट घेतला होता. पत्नीने भारतातून लेखी हरकत पाठवली, अधिकारक्षेत्र मान्य न करता. सर्वोच्च न्यायालयाने तो घटस्फोट मान्य केला नाही. लग्न ज्या कायद्याखाली झालं त्याच कायद्यातल्या कारणावर आणि त्याच कायद्याने अधिकार असलेल्या न्यायालयाने दिलेला हुकूमनामा हवा, हा नियम. अपवाद तीन : समोरचा कायमचा तिथेच राहतो आणि हुकूमनामा आपल्या, म्हणजे लग्नाच्या, कायद्यातल्या कारणावर आहे, किंवा समोरच्याने स्वतःहून तिथे हजर राहून आपल्या कायद्यातल्या कारणावर केस लढवली, किंवा घटस्फोटाला संमती दिली.

इथल्या जोडीदाराने घ्यायचा धडा : अमेरिकेतून कागद आले तर केराच्या टोपलीत टाकू नका आणि घाईने सविस्तर उत्तरही देऊ नका. उत्तर द्यायचंच तर आधी अधिकारक्षेत्राची हरकत, स्पष्ट शब्दांत. गुणदोषांवर वाद घातला की तुम्ही ते न्यायालय मान्य केलं, असं म्हणायला जागा मिळते.

एडिसनकर
हो, आणि तिथे मात्र तो घटस्फोट वैधच असतो. एकाच जोडप्याचं लग्न एडिसनमध्ये संपलेलं आणि चिंचवडमध्ये चालू, अशी विचित्र परिस्थिती येते.

खडीसाखर
आता माझ्या तिसऱ्या प्रश्नाकडे. हुकूमनामा झालाय हे कळलं, पुढे?

नाझरखाना
आधी कुठल्या टप्प्यावर कळलं ते बघा.

फक्त एकतर्फी *आदेश* झालाय, निकाल बाकी आहे, तर ऑर्डर ९ रूल ७ खाली अर्ज करून योग्य कारण दिलं की पुन्हा सुरुवातीपासून भाग घेता येतो. कारण पटलं नाही तरी, आहे त्या टप्प्यावरून पुढे सामील होता येतंच, सर्वोच्च न्यायालयाचं संग्राम सिंह प्रकरण (१९५५). उलटतपासणी करता येते, युक्तिवाद करता येतो. एकतर्फी आदेश झाला म्हणून हताश होऊन घरी बसणारे असंख्य.

'कैफियत (लेखी उत्तर) नाही' आणि 'एकतर्फी' हे वेगळे आदेश आहेत, तेही लक्षात ठेवा. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची, कारण दिल्यास जास्तीत जास्त ९०. ती मुदत गेली म्हणजे तुम्ही गैरहजर ठरलात असं नाही.

हुकूमनामा झाला असेल तर ऑर्डर ९ रूल १३ खाली त्याच न्यायालयात अर्ज. कारणं दोनच : समन्सची योग्य बजावणी झाली नाही, किंवा बजावणी झाली पण सबळ कारणाने येता आलं नाही. त्यातला दुसरा परंतुक (नियमाला जोडलेली अपवादाची अट) नीट वाचा. बजावणीत केवळ अनियमितता आहे, पण तुम्हाला तारीख ठाऊक होती आणि यायला पुरेसा वेळ होता, तर हुकूमनामा रद्द होत नाही. म्हणून 'बेलिफने साक्षीदाराचं आडनाव लिहिलं नाही' एवढ्यावर थांबू नका. तारीख माहीतच नव्हती हे दाखवा.

बोरकरांचा_नातू
आणि समोरचा नेमकं तेच खोडायला बसलेला असतो. समुपदेशकाकडची सही, पोटगीच्या केसमधल्या उत्तरात 'पतीने घटस्फोटाचा अर्ज केलेला आहे' हे वाक्य, मोबाइलवर आलेला न्यायालयाचा एसएमएस. यातलं काहीही माहिती असल्याचा पुरावा होतं. अर्ज लिहिण्याआधी स्वतःच्या सगळ्या केसेसचे कागद वाचून काढा.

मेंढपाळ
अपील आणि हा अर्ज, दोन्ही करता येतात का?

तळटीप
करता येतात, पण क्रम सांभाळा. अपील कुठल्याही कारणाने निकाली निघालं की रूल १३ चा दरवाजा बंद, तसं स्पष्टीकरणच आहे. फक्त अपील स्वतः मागे घेतलं असेल तर बंद होत नाही. रूल १३ चा अर्ज फेटाळला गेला तर त्याविरुद्ध अपील आहे. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याविरुद्ध अपिलाला कौटुंबिक न्यायालय कायदा ३० दिवस म्हणतो आणि हिंदू विवाह कायद्याचं कलम २८ म्हणतं ९०. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ९० दिवस धरायचे असं सांगून हा गोंधळ मिटवलाय.

दुसऱ्या लग्नाची घाई असलेल्यांसाठी : कलम १५ प्रमाणे अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबा, आणि अपील दाखल झालंय का ते बघूनच तारीख काढा. पेपरातल्या जाहिरातीवर मिळालेला हुकूमनामा असेल तर अनुच्छेद १२३ वरचा माझा प्रतिसाद पुन्हा वाचा. मंगल कार्यालयाचा अॅडव्हान्स परत मिळत नाही.

शुष्ककाष्ठ
मूळ धाग्यातलं दुसरं विधान राहिलं. समोरचा आलाच नाही, बजावणीही पक्की. मग तरी घटस्फोट आपोआप ना?

ताम्हण
नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २३ म्हणतं, विरोध झालेला असो वा नसो, न्यायालयाची खात्री पटली पाहिजे : कारण सिद्ध झालं, अर्जदार स्वतःच्या चुकीचा फायदा घेत नाही, दोघांची आतून मिलीभगत नाही, विनाकारण उशीर नाही. म्हणजे पुराव्याचं शपथपत्र, लग्नाचा दाखला, कारणाचे कागद, जमल्यास स्वतंत्र साक्षीदार. परित्यागाचं (जोडीदाराला सोडून जाण्याचं) कारण असेल तर अर्जाच्या आधीची सलग दोन वर्षं तारखांनिशी दिसली पाहिजेत. एकतर्फी आहे म्हणून दीड पानाचं शपथपत्र टाकलं आणि अर्जच फेटाळला गेला, असंही होतं.

आणखी एक सापळा. एकतर्फी आदेशानंतर अर्जात दुरुस्ती करून नवीन कारण किंवा नवीन मागणी घातली, तर त्या दुरुस्तीची नोटीस पुन्हा बजावा. अर्ज गैरहजेरीत निकाली निघून पुनःस्थापित झाला किंवा दुसऱ्या न्यायालयात वर्ग झाला, तरी नव्या तारखेची नोटीस हवी. जुनं समन्स या नव्या गोष्टींना पुरत नाही.

खडीसाखर
खूप मुद्दे आले. एक व्यावहारिक प्रश्न राहतो. ज्याला नुसती कुणकुण लागलीय, हातात काहीच कागद नाही, त्याने सुरुवात कुठून करायची?

नाझरखाना
ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर दोघांच्या नावाने शोध घ्या, जिल्हा आणि साल बदलून बदलून. लग्न जिथे झालं, शेवटचे एकत्र जिथे राहिलात, प्रतिवादी म्हणून तुम्ही जिथे राहता, आणि अर्जदार पत्नी असेल तर ती जिथे राहते, एवढी ठिकाणं तपासा. कलम १९ मुळे अर्ज साधारणपणे यांतल्याच कुठेतरी असतो. तुम्ही परदेशात असाल तर अर्जदार राहतो ते ठिकाणही जोडा. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायालय वरिष्ठ स्तर बघा. प्रत्येक केसला मिळणारा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक मिळाला की रोजनामा दिसतो.

मग लगेच सही-शिक्क्याच्या नकलेचा अर्ज. फक्त निकालाची नक्कल मागू नका. समन्स, बेलिफचा अहवाल, पोस्टाची पाकिटं, जाहीर नोटिशीचा अर्ज आणि त्यावरचा आदेश, संपूर्ण रोजनामा, सगळं मागा. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना मोफत द्यायची असते, कलम २३(४), ती वेगळी मागा.

ज्या दिवशी संकेतस्थळावर पाहिलं त्या दिवसाचा तारखेसह छाप काढून ठेवा. तीस दिवस त्या दिवसापासून मोजले जातील, नक्कल हातात पडल्यापासून नव्हे. नकलेची वाट बघत महिना घालवला तर सोबत विलंब माफीचा अर्ज जोडा, आणि त्यात गेलेल्या प्रत्येक आठवड्याचा हिशेब लिहा.

हवालदिल
नकलेच्या अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प किती लागतो सध्या?

नाझरखाना
नक्कल विभागाच्या खिडकीवर लिहिलेलं असतं. तातडीची नक्कल असं अर्जावर ठळक लिहा, दर वेगळा पडतो पण लवकर मिळते.